मेंबरांची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. निळे आणि तांबडे पट्टे, दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या दशा, आणि लांबी एवढी की मला झटकायला दोन माणसं लागतात. आता माझा निळा रंग राखेसारखा झाला आहे आणि ठिकठिकाणी वेगळ्या दोऱ्यानं मला रफू केलं आहे. तसं माझं वय फार नाही. पण मला कपाटात घडी घालून कुणी ठेवलं नाही. मी उन्हात बसले, गाडीत फिरले, नदी ओलांडली. मला लवकर म्हातारपण आलं ते कामामुळं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

माझा कापूस डोंगरकडा गावच्या काळ्या रानातला. संतराम नावाच्या शेतकऱ्यानं तो पेरला आणि त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, तो बोटं सोलवटेपर्यंत वेचला. त्यातला चांगला कापूस तिनं बाजूला काढून ठेवला, सूत कातून घेतलं आणि पुसेगावच्या दगडोबा कोष्ट्याकडे पाठवलं. घरी पाहुणे आले की दुसऱ्याच्या दारी जाऊन अंथरूण मागावं लागतं, याची तिला चीड होती. दगडोबानं मला मागावरून उतरवलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, की ही घरात मावायची नाही, हिला अंगणच लागेल. त्याचं बोलणं खरं ठरलं.

पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाच्या घरी बोलणी असोत, लोक म्हणायचे, चतुराबाईंची सतरंजी आणा. पाहुणे बसायच्या आधी माझ्यावरून हात फिरवायचे. चतुराबाई मला कडुनिंबाचा पाला घालून घडी घालायची आणि दांडीवर ठेवायची. माझ्यावर पाटील बसत, कारकून बसत, सोयरे बसत. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची माणसं आली की ती माझ्या कडेच्या पलीकडे, मातीत उकिडवी बसत. तसंच असतं, असं सगळ्यांना वाटायचं.

त्या काळी आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. एखादा साहेब दौऱ्यावर निघाला की त्याच्या राहुट्या, त्याची भांडीकुंडी, त्याच्या घोड्याचा चारा, सगळं गावकऱ्यांनी फुकट वाहून न्यायचं. दूध द्यायचं, सरपण द्यायचं, पाणी भरायचं. याला वेठ म्हणत. शेतात कापणी पडलेली असो की घरात कुणी आजारी असो, बोलावणं आलं की जायचं. आणि त्यातही सगळ्यात जड ओझं तांड्याच्या वाट्याला यायचं.

एका उन्हाळ्यात असाच एक साहेब डोंगरकड्याच्या आमराईत मुक्कामाला आला. तांड्याचे नाईक होते नेमसिंग. त्यांचा मुलगा वसराम राहुट्यांच्या गाडीबरोबर वेठीला होता. नवीन लग्न झालेलं तरणंताठं पोरगं. उतारावर बैलाचा पाय घसरला, गाडी कलली आणि चाक वसरामच्या पायावरून गेलं. चतुराबाई तेव्हा वेठीचं दूध घालायला आमराईत गेली होती. तिनं जे पाहिलं ते ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची. साहेबाच्या माणसांनी आधी गाडीतल्या राहुट्या खाली उतरवल्या, त्या नीट रचून ठेवल्या, आणि मग वसरामकडे पाहिलं.

ती दुधाचं भांडं तिथंच टाकून घरी पळत आली आणि मला दांडीवरून ओढलं. घरातलं कुणीतरी म्हणालं, की ती पाहुण्यांची सतरंजी आहे, गोधडी घे. तिनं ऐकलंच नाही. माझ्यात वसरामला घातलं, चार जणांनी माझे चार कोपरे धरले आणि रस्त्याला लागले. पुढं गाडी मिळाली. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, पण पाय वाचला नाही. नेमसिंग नाईक सगळी वाट माझी कड हातात धरून चालत होते.

संतराम साहेबाला भेटायला गेला. हा मुळात शांत माणूस. कुणाशी भांडायचा नाही, कमी बोलायचा. त्याला उत्तर मिळालं, की सरकारनं वेठ कधीच बंद केली आहे, त्यामुळं इथं वेठ नाहीच. ही माणसं साहेबांवरच्या प्रेमानं, खुशीनं आली होती.

संतराम तडक घरी आला. मग चतुराबाईला म्हणाला, की सतरंजी धुऊन झाली की अंथर, गावाला बोलावतो. चतुराबाईनं मला ओढ्यावर नेऊन घासघास घासलं. एक डाग राहिलाच. तिनं तसंच मला अंगणात अंथरलं.

लोक आले, बसले. माणिकराव आले. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि आजवर गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नव्हतं. नेमसिंग नाईक आले आणि नेहमीसारखे माझ्या कडेपलीकडे बसायला वाकले. संतराम उठला, त्यांच्याजवळ गेला आणि त्यांचा हात धरून म्हणाला, "नाईक, वर बसा."

नाईकांनी नको म्हणून मान हलवली. संतरामनं हात सोडला नाही. शेवटी नाईक माझ्यावर बसले. अंग चोरून, टेकल्यासारखे. चार-पाच माणसं तशीच उठली आणि निघून गेली. माणिकराव उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "संतराम, आज यांला सतरंजीवर बसवून राहिलास. उद्या वेठ कोण करंल?"

"कुणीच न्हाई," संतराम म्हणाला. "म्हणूनच बसवून राहिलो."

माणिकराव गेले. उरलेल्या माणसांनी त्या दिवशी ठरवलं, की पुढच्या दौऱ्याला डोंगरकड्यातून कुणी जाणार नाही. ना गाडी, ना दूध, ना माणूस. साहेबाला जे हवं ते त्यानं बाजारभावानं विकत घ्यावं. आणि मित्रांनो, खरोखर तसंच झालं. पुढचा दौरा आला तेव्हा राहुट्या वेशीबाहेर गाडीतच पडून राहिल्या. घोड्यांना चारा मिळाला नाही. संतरामला आणि नेमसिंगला पकडून नेलं, काही आठवडे कोंडून ठेवलं. ते परत आले तेव्हा संतरामच्या गालाची हाडं दिसत होती. पण त्या दिवसानंतर डोंगरकड्यात पुन्हा वेठ झाली नाही.

ही बातमी रानातल्या वणव्यासारखी पसरली. गावोगावची माणसं संतरामला बोलवायला लागली. त्यानं बैलगाडी जुंपली, की चतुराबाई मला गुंडाळून मागं टाकायची. सभा घ्यायला सरकारची परवानगी लागे आणि ती मिळत नसे. भजनाला मात्र लागत नसे. म्हणून नरसी गावी गेलो की आम्ही भजनाला बसायचो. दोन अभंग झाले की टाळ खाली ठेवायचे आणि संतराम बोलायचा. पोलीस पाटील डोकावला की टाळ पुन्हा सुरू. त्या गमतीला मीही मनातल्या मनात हसायची.

बोलणं मात्र गमतीचं नव्हतं. संतराम तीनच गोष्टी सांगायचा, प्रत्येक गावात त्याच. पहिली, वेठ करायची नाही आणि करायला लावायची नाही. दुसरी, लेकराला शाळेत आधी त्याच्या मायबोलीत शिकवलं पाहिजे. शाळेतलं सगळं उर्दूत चाले, आणि घरी मराठी किंवा तांड्याची गोरमाटी बोलणारी लेकरं तिथं मुकी होऊन बसत. तिसरी, प्रत्येक तांड्याला स्वतःची विहीर. पुढं महायुद्ध पेटलं, सरकार लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य उचलायला लागलं, तेव्हा त्यानं चौथी गोष्ट जोडली. धान्य न्यायचं तर न्या, पण पेरणाऱ्याच्या डोळ्यासमोर मापा आणि बियाणं घरात सोडून जा.

अशी वर्षं गेली. माझ्या दशा झडायला लागल्या. मग एके दिवशी सगळीकडे बोलणं सुरू झालं, की हैदराबादला नवी असेंब्ली भरणार आहे आणि तिच्यात निवडून दिलेली माणसं बसणार आहेत. संतरामच्या ओळखीचे काँग्रेसवाले शहरातून आले. ते म्हणाले, हे सगळं देखाव्याचं आहे, खरी सत्ता निजाम सोडणार नाही, आपण यात पडायचं नाही. त्यांचंही काही खोटं नव्हतं. मत तरी कुठं सगळ्यांना होतं? चतुराबाईला नव्हतं, नेमसिंगला नव्हतं, वसरामला नव्हतं. गावांत ज्यांच्या नावावर बऱ्यापैकी जमीन होती, त्यांनाच होतं.

संतराम दोन्हीकडून ओढला गेला. तो माझ्यावर बसून राही आणि माझ्या दशा बोटानं गुंडाळत राही. शेवटी चतुराबाई ताक घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"दार किलकिलं हाय तर आत जाऊन बोलून या," ती म्हणाली. "त्यायनं दार लावून घेतलं, तर भाईर येऊन बोला. बोलायचं तर हायेच न्हवं?"

तो उभा राहिला. माणिकरावही उभे राहिले. ज्यांना मत होतं त्यांतले पुष्कळ माणिकरावांचे सोयरे. पण संतराम प्रत्येकाच्या दारी गेला आणि एकच सांगितलं, की मी निवडून आलो तर तिथून आलं की आधी इथं येऊन बसेन आणि तिथं काय झालं ते सांगेन, जिंकलो तेही आणि हरलो तेही. तो थोड्याच मतांनी निवडून आला. तेव्हापासून लोक त्याला मेंबर म्हणायला लागले आणि मला मेंबरांची सतरंजी.

त्या संध्याकाळी गावात गुलाल उडाला. सगळे गेल्यावर नेमसिंग नाईक मागं राहिले. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या हातात मत न्हवतं. पण तुमची जबान आमच्या बाजूनं ऱ्हाऊ द्या."

संतरामनं त्यांचे हात हातात घेतले.

आता एक अडचण उभी राहिली. असेंब्लीतलं कामकाज उर्दूत. संतरामला बाजारापुरतं हिंदुस्थानी येई, पण सभेत उभं राहून बोलण्याइतकं नाही. गावच्या शाळेत गुलाम दस्तगीर नावाचे मास्तर होते. सडपातळ, चष्मा लावणारे, मुलांना कधी न मारणारे. संतराम त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला शिकवा. मग रोज दिवस मावळायच्या आधी दस्तगीर मास्तर आमच्या अंगणात यायचे. माझ्यावर समोरासमोर बसून शिकवणी चालायची. संतरामच्या तोंडून ते घशातले उच्चार निघता निघत नसत. आत चुलीपाशी चतुराबाई पदर तोंडाला लावून हसायची, आणि मग मास्तरही हसायचे.

एकदा मास्तर हसता हसता थांबले. त्यांना संतरामच्या गोष्टी ठाऊक होत्या. ते म्हणाले, "संतरामभाऊ, आमची जबान शिकून आमचीच शाळा बंद करायला निघाले का तुमी?"

"बंद न्हाई, मास्तर. पण एक सांगा. तुमच्या शाळेत नवं लेकरू पहिल्या दिवशी काहून रडतं?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्यानं पुसत बसले. मग म्हणाले, "मला मालूम हाय. मी बोलतो ते त्याला कळत न्हाई."

त्यानंतर मास्तर शिकवायला आणखी कडक झाले. एक शब्द चुकला की पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. मराठी शाळेची मागणी उर्दूत कशी मांडायची, हे त्यांनीच संतरामकडून घोटून घेतलं.

हैदराबादला जाताना चतुराबाईनं मला वळकटीसारखं बांधून दिलं. नांदेडपर्यंत गाडीत, पुढं आगगाडीत. तिथं एका धर्मशाळेच्या खोलीत मी अंथरले गेले. भोवती मोठं शहर, मोटारी, विजेचे दिवे. संतराम पहाटे उठून माझ्यावर उभा राहायचा आणि भिंतीला भाषण ऐकवायचा. मला असेंब्ली दिसली नाही. पण तो जाताना कसा गेला आणि येताना कसा आला, ते मी पाहिलं. पहिल्या दिवशी आला तो भिंतीला टेकून बसला आणि जेवलाही नाही.

काय झालं ते त्यानं डोंगरकड्यात, भरल्या अंगणात, माझ्यावर बसून सांगितलं. तो बोलायला उठला तेव्हा त्याच्या उच्चारांवर काही जण हसले. त्यानं वेठीचं सांगितलं. समोरून तेच उत्तर आलं, की वेठ नाही, लोक खुशीनं येतात. तेव्हा त्यानं विचारलं, की आमच्या गावचा वसराम आपला पाय खुशीनं देऊन आला का? हसणं थांबलं. चौकशीचं वचन मिळालं. बियाण्याचं धान्य त्या वर्षापुरतं सोडायचं ठरलं. शाळेची गोष्ट मात्र मोडीत निघाली, आणि विहिरींचं काय, तर विचार करू असं उत्तर मिळालं.

"म्हंजे दोनात हरलो," संतराम म्हणाला. "पुढल्या खेपेला तेच पुन्यांदा मांडतो."

असा मेंबर लोकांनी पाहिला नव्हता. हरलेलंही तो लपवत नव्हता. त्या बैठकीला वसराम कुबडी घेऊन आला होता. आपलं नाव एवढ्या मोठ्या सभेत घेतलं गेलं, हे ऐकून तो खाली मान घालून बसला आणि मधूनच कुबडीवरून हात फिरवत राहिला.

पुन्हा मांडायची वेळ फारशी आली नाही, मित्रांनो. देश स्वतंत्र झाला, पण निजाम म्हणाला, माझं राज्य वेगळं. रझाकारांच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. आमच्या भागातली एक वस्ती जाळली गेली. उत्तमसिंग नावाच्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ त्या दिवशी मारला गेला. संतराम हैदराबादला गेला आणि असेंब्लीत त्या वस्तीचं नाव घेतलं. त्याला बोलू दिलं नाही. इतका आरडाओरडा झाला की त्याचं वाक्यही पुरं झालं नाही.

तो परत आला आणि लोकांना बोलावलं. या वेळी फार थोडी माणसं आली, कारण घराबाहेर पडायचीच भीती होती. तो म्हणाला, "मेंबरकी सोडून आलो. तुमी दिली होती, म्हणून तुमालाच सांगून राहिलो. तिथं आता बोलता येत न्हाई. जिथं येईल तिथं बोलतो."

आठवड्याच्या आत त्याला पकडायला माणसं येणार अशी कुणकुण लागली. आम्ही पैनगंगा ओलांडली. पलीकडे उमरखेडचा मुलूख, तिथं निजामाचं राज्य नव्हतं. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं तिथं उघड्यावर राहत होती. थंडीत माझ्यावर नऊ-दहा लेकरं ओळीनं निजायची. डोंगरकड्याची आणि तांड्याची, सगळी मिसळून. पाऊस लागला तेव्हा काठ्यांवर ताणून माझं छप्पर केलं. तिथंच मी ठिकठिकाणी फाटले. संतराम दिवसभर धान्य मिळवायला आणि आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवायला धावायचा. कुणीतरी म्हणालं, आता तर तुम्ही मेंबर नाही. तो म्हणाला, भूक तर लागतेच आहे.

मग एका सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. निजाम शरण गेला. लोक नाचत नदी ओलांडून परत निघाले. मीही निघाले, गाडीत गुंडाळलेली.

आता जे सांगते ते नीट ऐका.

आम्ही गावात शिरलो त्याच दिवशी, दुपार कलताना, शाळेच्या बाजूनं गलका ऐकू आला. आजूबाजूच्या गावांतली माणसं जमली होती. हातात काठ्या, कुऱ्हाडी. रझाकार तर आधीच पळाले होते. ते हाती लागले नाहीत, म्हणून लोक दस्तगीर मास्तरांच्या घराकडे निघाले होते. मास्तर मुसलमान, एवढंच कारण. पुढं होता उत्तमसिंग, भाऊ गमावलेला.

संतरामनं बैल सोडले नाहीत. गाडीतून मला खांद्यावर घेतलं आणि धावत निघाला. चतुराबाई मागोमाग. मास्तरांचं दार आतून बंद होतं, आतून लेकराचं रडणं येत होतं. संतरामनं दारासमोरच्या ओट्यावर मला अंथरलं आणि मांडी घालून बसला. चतुराबाई त्याच्या शेजारी बसली. नेमसिंग नाईक आले आणि बसले. वसराम कुबडी टेकत आला, त्याला खाली बसायला वेळ लागला, पण तोही बसला.

लोक आले आणि थांबले. कुणीतरी ओरडलं, मेंबर, बाजूला व्हा. संतराम हलला नाही.

उत्तमसिंग पुढं आला. त्याचे डोळे लाल होते. त्यानं विचारलं, "तुमी नदीपार होते तवा या मास्तरनं आपल्यासाठी काय केलं? सांगा न मेंबर."

"काही केलं न्हाई," संतराम म्हणाला. "घरात भिऊन बसला. पण काही न केलेल्या माणसाला मारायचं काहून?"

उत्तमसिंग कुऱ्हाड घेऊन आणखी एक पाऊल पुढं आला.

"तुझ्या भावाचं नाव घ्यायला मी हैदराबादला उभा राहिलो," संतराम म्हणाला. "मला बोलू दिलं न्हाई. तवा मी तुमच्यासाठी बोलत होतो. आज ह्यांच्यासाठी बोलून राहिलो. काम तेच हाय, उत्तमसिंग. आत जायचं आसल तर आमच्या चौघांवरून जा."

मी त्या चौघांच्या अंगाखाली होते. बाहेरून ते दगडासारखे दिसत होते, पण त्यांचं कापणं मला कळत होतं. संतरामचंही.

चतुराबाई उठली. मागं वळून तिनं दारावर हळू थाप मारली आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, पाणी द्या." दार वीतभर उघडलं, तांब्या बाहेर आला. तो तिनं उत्तमसिंगसमोर धरला. तो बघत राहिला. मग त्यानं कुऱ्हाड जमिनीवर टाकली, तांब्या घेतला आणि ओट्याच्या पायरीवर बसून गटागटा प्यायला. पाणी पिऊन झाल्यावर तो आपल्या भावाचं नाव घेऊन रडला. मागची माणसं एकेक करून निघून गेली.

सगळीकडे असं झालं नाही, मित्रांनो. काही गावांत दारासमोर बसणारं कुणी नव्हतं. ते मी लपवणार नाही, कारण मेंबरांनी कधी काही लपवलं नाही.

थंडी पडली तसं शाळेचं दार पुन्हा उघडलं. पहिल्या दिवसापासून लेकरं मायबोलीत शिकतील असं ठरलं आणि प्रश्न आला, शिकवणार कोण? दस्तगीर मास्तर पुढं आले. ते म्हणाले, माझी मराठी थोडी वाकडी आहे, संतरामभाऊंच्या उर्दूसारखी, पण चालेल. शाळेत बसायला काही नव्हतं, म्हणून चतुराबाईनं मला इथं आणून दिलं. त्या दिवशी कुणी रडलं नाही. एक लेकरू रडलं, पण ते दुसऱ्यानं चिमटा काढला म्हणून.

तर मित्रांनो, तुम्ही आता माझ्यावर बसून पाढे म्हणता. माझी एक विनंती आहे. बसल्या बसल्या माझे दोरे ओढू नका. सुट्टी झाली की मला झटका, दोघं मिळून घडी घाला, ओलसर कोपऱ्यात टाकू नका. मला अजून बरंच टिकायचं आहे. म्हणतात, की आता सगळ्यांना मत मिळणार. बायकांना, तांड्यावरच्या माणसांना, सगळ्यांना. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही मिळेल. ते देऊन घरी जाऊन झोपू नका. ज्याला निवडून द्याल त्याला बोलवा, समोर बसवा आणि विचारा, काय मांडलंस, काय मिळालं, काय राहिलं. सतरंजी वापरात राहिली तर तिला कसर लागत नाही. मेंबरांचंही तसंच आहे.

गावातली माणसं संतरामला म्हणत आहेत, की नव्या निवडणुकीत उभे राहा. तो म्हणतो, ते मग पाहू, तांड्याची विहीर अजून झालेली नाही. उद्या शाळेला सुट्टी आहे. सकाळी गाडी जुंपणार आहेत. विहिरीसाठी तालुक्याला जायचं आहे आणि तिथं उत्तर मिळेपर्यंत कचेरीसमोर बसायचं आहे. चतुराबाईनं माझा फाटका कोपरा आजच शिवून ठेवला आहे.